न घडलेल्या गुन्ह्याचे श्रेय

पंडित नेहरूंनी २ जानेवारी १९६१ रोजी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान केला. त्या आठवणीत २ ते ८ जानेवारी हा सप्ताह दरवर्षी पाळला जातो. शाळकरी मुले ठाणे पाहायला येतात, शस्त्रे न्याहाळतात, वायरलेस कसा चालतो ते विचारतात. जनतेने पोलीस समजून घ्यावा, हा त्यामागचा हेतू. पण ज्याच्यामुळे गावाला पोलीस दिसतो, त्या बीट अंमलदाराला आणि पोलीस पाटलाला आपल्या कामात समाधान आहे का, हे या सप्ताहातही विचारले जात नाही.

अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडे निघाले की महामार्गावर मेडशी लागते. अशा गावाच्या बीटवरचा जमादार काय काय करतो? रात्री अपघात झाला की पंचनामा, विहिरीत कोणी सापडले की मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, शिवाय समन्स आणि वॉरंटांची बजावणी. घर सोडून गेलेल्या मुलीचा शोध त्यालाच घ्यायचा, मिरवणुकीचा मार्ग आधीच दोन्हीकडच्यांना बसवून त्यानेच ठरवायचा. आणि पेरणीच्या तोंडावर धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, वाद. वऱ्हाडात धुऱ्यावरून डोकी फुटतात, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. जाणता जमादार मृगाआधीच पोलीस पाटलाला सोबत घेऊन वादाच्या शेतावर जातो, भांडणाऱ्या दोन्ही भावांना समोरासमोर बसवतो, मोजणीचा अर्ज करायला लावतो. कुऱ्हाड उचललीच जात नाही.

या कामाला आकडा नाही. मासिक गुन्हे बैठकीत दाखल किती, उघड किती, प्रलंबित किती, याची विचारणा होते. प्रतिबंधक कारवायाही मोजल्या जातात, हे खरे. पूर्वीचे कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेतले १२६. पण नोटीस बजावणे वेगळे आणि दोन घरांचे बोलणे पुन्हा सुरू करून देणे वेगळे. पहिल्याची नोंद तक्त्यात होते, दुसरे गावाच्या स्मरणात राहते आणि जमादाराची बदली झाली की तेही पुसट होते. आमच्या मते गावपातळीवरच्या पोलिसाच्या असमाधानाचे मूळ इथे आहे. आपले सर्वांत चांगले काम वरिष्ठांना दिसतच नाही, ही जाणीव माणसाला आतून पोखरते.

पगार, रजा आणि तास यांचे महत्त्व याने कमी होत नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातला पोलीस दिवसाला सरासरी १४ तास राबतो आणि निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुटीही मिळत नाही. आठ तासांची ड्यूटी अशक्य, असे आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यातले अंमलदार रवींद्र पाटील यांनी पाळ्यांचे गणित मांडले, तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतले आणि प्रयोग त्याच ठाण्यापासून सुरू झाला. यात आम्हाला तासांइतकीच मोलाची वाटते ती एका शिपायाच्या डोक्यातली कल्पना आयुक्तांनी उचलून धरली ही गोष्ट. वरिष्ठाने ऐकून घेणे याचा समाधानाशी फार जवळचा संबंध आहे. राज्यात २०२२ मध्ये किरकोळ रजा १२ वरून २० झाल्या, त्याचेही स्वागतच. फक्त रजा मंजूर व्हायच्या वेळी नेमका बंदोबस्त येतो.

वाशीम जिल्ह्यात बंदोबस्तांना तोटा नाही. पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर चार दशकांनंतर २०२३ मध्ये उघडले, तेव्हाही तिथे पोलीस उभे करावे लागले. हे टाळता येत नाही. पण मोठ्या बंदोबस्ताला माणसे कमी पडली की बीटवरचाच माणूस उचलला जातो. गावाला तो तोंडओळखीपुरता उरतो, आणि गावाचा विश्वास कमवायला जी वर्षे लागतात ती अशी तुकड्यातुकड्यांनी वाया जातात.

पोलीस पाटलाची व्यथा याहून जुनी. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याच्यावर गावातली खबर ठाण्याला देण्याची, गुन्हा होऊ नये म्हणून झटण्याची जबाबदारी टाकली. तो चोवीस तास गावातच असतो, त्यामुळे रोष आधी त्याच्या वाट्याला येतो. महिन्याचे साडेसहा हजारांचे मानधन २०२४ मध्ये पंधरा हजार झाले. उशिरा का होईना, योग्य झाले. आता ते दर महिन्याला वेळेवर हाती पडावे आणि ठाण्यात गेल्यावर बसायला खुर्ची मिळावी. खुर्चीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो आहोत.

न घडलेल्या गोष्टीचे मोल कसे करायचे, असे विचारणाऱ्यांनी भिवंडी आठवावी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समित्यांच्या बैठका घेणाऱ्या, गल्लीगल्लीत ओळखी जपणाऱ्या पोलिसांनी तिथे जे केले ते कुठल्याही उघडकीस आणलेल्या गुन्ह्यापेक्षा मोठे होते. २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेनेही हाच धागा पकडला होता. तडजोडींची नोंद झाली, गावांना बक्षिसे मिळाली आणि काही काळ समजुतीने मिटवलेल्या तंट्याला सरकारदरबारी किंमत आली.

ती किंमत पोलिसाच्या वार्षिक गोपनीय अहवालात उतरली पाहिजे. किती वाद मिटवले, किती बैठका घेतल्या, किती गावे पायी फिरली, यांसाठी त्यात रकाना हवा, आणि तो भरताना गावाचे म्हणणे विचारात घेतले जावे. बीटवर किमान तीन वर्षे माणूस टिकावा. बंदोबस्ताहून परतल्यावर त्याला एक दिवस विश्रांती मिळावी आणि मग तो पुन्हा त्याच बीटवर जावा. यंदाच्या सप्ताहात शस्त्रांच्या प्रदर्शनासोबत मेडशीसारख्या एखाद्या गावी एक बैठक घ्यावी. ठाणेदारांनी तिथे श्रोत्यांत बसावे, आणि पहिले बोलणे बीट जमादाराचे व पोलीस पाटलाचे असावे.