विश्लेषण : ट्रकच्या धडकेनंतर भरपाई कोण देतो, किती मिळते? ‘मिटवून घेणे’ कुटुंबांना महाग का पडते?

अपघातात घरातील कमावती व्यक्ती गेली की दिवस-कार्य होण्याआधीच एखादा मध्यस्थ दारात येतो. ‘ट्रकवर कर्ज आहे, मालकाकडे काही नाही, कोर्टात वर्षानुवर्षे जातील, पन्नास हजार घ्या आणि मिटवून टाका,’ असे तो सांगतो. दुःखात बुडालेले, दवाखान्याच्या बिलाने घेरलेले कुटुंब अनेकदा सही करते. कायद्यानुसार मात्र ही भरपाई बहुतेक वेळा मालकाच्या खिशातून नव्हे, ट्रकच्या विमा कंपनीकडून मिळते आणि तिची रक्कम ठरवण्याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने आखून दिले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. अशा वेळी कुटुंबाचे हक्क काय असतात, ते कसे मिळवायचे, याविषयी...

भरपाई देण्याची जबाबदारी कोणाची?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. ट्रकची धडक बसलेला दुचाकीस्वार, पादचारी, मोटारीतील प्रवासी हे सगळे या विम्याच्या दृष्टीने ‘तिसरी व्यक्ती’ असतात. चालकाची चूक असली की त्याच्या मालकावर जबाबदारी येते आणि मालकाच्या वतीने विमा कंपनी पैसे भरते. म्हणूनच दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी केले जाते. मालक गरीब आहे की श्रीमंत, याचा रकमेशी संबंध नसतो. विमाच नसेल, तर मात्र संपूर्ण रक्कम मालकाकडून वसूल करावी लागते आणि तेथे खरी अडचण होते.

‘ब्रेक फेल झाले’ हे कारण सहसा पुढे केले जाते. पुण्यातील नवले पुलाच्या उतारावरील अपघातांनंतर ते अनेकदा ऐकू आले आहे. मात्र तेवढ्यावर मालक सुटत नाही. वाहनाची देखभाल वेळेवर केली होती आणि बिघाड आधी लक्षात येण्यासारखा नव्हता, हे त्यालाच सिद्ध करावे लागते.

रक्कम कशी ठरते?

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुढे घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी दिलेल्या निकालांनी हे गणित निश्चित केले. मृत व्यक्तीच्या वार्षिक उत्पन्नात भविष्यातील संभाव्य वाढ मिळवायची, तिचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. २१ ते २५ वयासाठी गुणक १८ आहे, ३१ ते ३५ साठी १६, ४१ ते ४५ साठी १४, तर ५६ ते ६० साठी ९.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३४ वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा इलेक्ट्रिशियन महिन्याला १५ हजार रुपये कमावतो. घरी पत्नी, दोन मुले आणि आई आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार असलेल्या व्यक्तीसाठी ४० टक्के वाढ धरतात, म्हणजे २ लाख ५२ हजार. अवलंबून असणारे चार असल्याने एक चतुर्थांश वजा केल्यावर उरतात १ लाख ८९ हजार. त्याला १६ ने गुणले की होतात ३० लाख २४ हजार रुपये.

यात सहवास गमावल्याबद्दल प्रत्येक जवळच्या नातेवाइकासाठी वेगळी रक्कम, तसेच अंत्यसंस्कार आणि मालमत्तेच्या हानीपोटी ठरावीक रक्कम मिळवली जाते. २०१७ च्या निकालात त्या अनुक्रमे ४० हजार, १५ हजार आणि १५ हजार होत्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली होती. २०२३ मधील वाढीनंतरच्या ४८ हजार ४०० आणि १८ हजार १५० या दराने चौघांसाठी मिळून आणखी २ लाख २९ हजार ९०० रुपये होतात. एकूण बेरीज ३२ लाख ५३ हजार ९०० रुपये. त्यावर न्यायाधिकरण व्याज देऊ शकते. मध्यस्थाच्या हातातले पन्नास हजार या रकमेच्या दोन टक्केही नाहीत.

उत्पन्नाचा पुरावा इतका महत्त्वाचा का?

याच इलेक्ट्रिशियनचे उत्पन्न १५ हजारांऐवजी १० हजारच सिद्ध झाले, तर ३० लाख २४ हजारांचा आकडा २० लाख १६ हजारांवर येतो. कागद नसल्याची किंमत दहा लाख रुपये. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र असेल तर प्रश्न नसतो. ते नसेल तर बँक पासबुक, यूपीआयचे व्यवहार, ग्राहकांची बिले, दुकानाचा परवाना, शेतीचा सातबारा, ठेकेदाराची साक्ष यांचा उपयोग होतो. काहीच नसेल तर न्यायाधिकरण साधारणपणे किमान वेतनाचा आधार घेते. गृहिणीचे घरकाम हेही आर्थिक मूल्य असलेले काम आहे आणि तिच्या मृत्यूनंतर काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

जखमींचे काय?

जखमी व्यक्तीला उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढील शस्त्रक्रिया, मदतनीसाचा खर्च, वेदना आणि कायमचे अपंगत्व अशा वेगवेगळ्या कारणांसाठी भरपाई मागता येते. येथे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातील टक्केवारी शेवटची नसते. अपंगत्वाचा त्या व्यक्तीच्या कमाईवर किती परिणाम झाला, हे पाहिले जाते. पाय गमावलेला कारकून कदाचित पुन्हा टेबलावर बसू शकतो; पाय गमावलेला ट्रकचालक पुन्हा स्टिअरिंगवर बसू शकत नाही. प्रमाणपत्रावरील आकडा सारखाच असला तरी दोघांचे नुकसान सारखे नसते.

तातडीच्या उपचारांसाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता घेता येतात.

पाच लाखांचा झटपट प्रस्ताव स्वीकारावा का?

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. चूक सिद्ध करणे कठीण असेल तेव्हा हा मोठा आधार आहे. मात्र येथे एक अट आहे. विमा कंपनीच्या तडजोडीच्या प्रक्रियेतून ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ खालील मोठ्या रकमेचा दावा संपुष्टात येतो. वरील उदाहरणातील कुटुंबासाठी हा ५ लाख आणि साडेबत्तीस लाखांमधील निर्णय आहे. म्हणून प्रस्तावावर सही करण्यापूर्वी वय, उत्पन्न आणि गुणक घेऊन आकडेमोड करून पाहणे गरजेचे ठरते.

दावा कुठे आणि किती दिवसांत दाखल करायचा?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात जेथे झाला तेथे, दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे तो दाखल करता येतो. नाशिकच्या तरुणाचा मृत्यू गुजरातमध्ये झाला, तरी कुटुंबाला गुजरातच्या चकरा माराव्या लागत नाहीत.

२०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली असून, तीही १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मधील अंतरिम आदेशात न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असे सांगितले. तो अंतरिम आदेश आहे, अंतिम निकाल नाही. त्यामुळे सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करणेच सुरक्षित.

पोलिसांची भूमिका गुन्हा नोंदवण्यापुरती आहे का?

नाही. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. हा अहवाल न्यायाधिकरणाला भरपाईचा अर्ज म्हणूनही स्वीकारता येतो. कुटुंबाने या अहवालांची पोलीस ठाण्यात लेखी चौकशी करावी. वाहन, मालक, परवाना आणि विम्याचा तपशील मागण्याचा हक्क कलम १६० देते. ट्रकचा क्रमांक हाती असेल तर ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवरही विम्याची स्थिती पाहता येते.

‘केस मागे घ्या’ या मागणीलाही फारसा अर्थ नसतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये येतो आणि तो कुटुंबाच्या संमतीने मिटवण्याजोगा नाही. शिवाय चालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, न्यायाधिकरणात कोणती बाजू अधिक संभाव्य आहे एवढेच पाहतात.

विमा कंपनी कोणत्या कारणांनी नकार देते?

चालकाकडे वैध परवाना नव्हता, ट्रकला परमिट नव्हते, ही नेहमीची कारणे. मात्र हा वाद कंपनी आणि मालक यांच्यातील आहे. अशा अनेक प्रकरणांत न्यायालयांनी ‘आधी पीडिताला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा मार्ग अवलंबला आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७ हजार ५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे छोट्या टेम्पोंबाबतचा मोठा आक्षेप निकाली निघाला.

दुसरा आक्षेप ‘तुमचीही चूक होती’ हा. रात्री महामार्गावर दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकवर मोटार आदळते, तेव्हा तो हमखास घेतला जातो. अशाच एका प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकावर टाकलेली निम्मी जबाबदारी रद्द केली. चालकाची चूक मोटारीतील इतर प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, हेही सांगितले. म्हणून ट्रक कुठे उभा होता, मागचे दिवे किंवा परावर्तक पट्ट्या होत्या का, याची छायाचित्रे आणि पंचनाम्यातील नोंद निर्णायक ठरते.

ट्रकमधूनच प्रवास करणाऱ्यांना विमा मिळतो का?

महाराष्ट्रात हा प्रश्न ऊसतोडीच्या हंगामात दरवर्षी समोर येतो. मालवाहू वाहनात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी असेल तर विम्याचे संरक्षण आहे. केवळ लिफ्ट घेऊन किंवा भाडे देऊन मालाच्या गाडीत बसलेल्या प्रवाशासाठी विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरवले. अशा वेळी दावा चालक आणि मालकावर राहतो. ट्रकचा चालक किंवा क्लीनर कामावर असताना दगावला, तर कुटुंबाला सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील कर्मचारी भरपाईचा मार्ग आहे; पूर्वी हा मार्ग कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ चा होता. तेथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मात्र दोन्ही कायद्यांखाली हक्क असेल तर एकाचीच निवड करावी लागते.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही तर?

‘हिट अँड रन’साठी २०२२ च्या योजनेत मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये आहेत. पूर्वी ही रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार दर्जाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एका महिन्यात वाहनाचा शोध लागला नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती कुटुंबाला लेखी द्यावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिले आहेत. ट्रक नंतर सापडला तर नेहमीचा दावा करता येतो. मात्र त्या भरपाईतून ही रक्कम परत करावी लागते.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर?

महिला, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. म्हणजेच अपघातात पती गमावलेली प्रत्येक महिला यासाठी पात्र आहे. त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. भरपाईच्या रकमेत टक्केवारी ठरवून काम घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना मनाई आहे, हेही रुग्णालयाच्या आवारात फिरणाऱ्या एजंटांशी बोलताना लक्षात ठेवलेले बरे.

लोकअदालतीत प्रकरण लवकर सुटते आणि त्यात वावगे काही नाही. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. लोकअदालतीत मान्य केलेला आकडा मात्र अखेरचा. तेथे जाताना आपला हिशेब कागदावर मांडलेला हवा. कोरा कागद, ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ असा मजकूर किंवा न वाचलेले प्रतिज्ञापत्र यांवर केलेली सही पुढे न्यायाधिकरणात त्याच कुटुंबाविरुद्ध पुरावा म्हणून मांडली जाते.