जरा मान वर करा!

दर वर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो. त्या आठवड्यात इंजिनिअरिंग कॉलेज म्हटलं की पोस्टर स्पर्धा ठरलेली. हिरवी पृथ्वी, तिच्या डोक्यावर पिवळा बल्ब आणि खाली "वीज वाचवा, देश वाचवा". बक्षीस समारंभ होतो, सरांचं भाषण होतं, पोस्टरं नोटीस बोर्डावर लागतात. आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये पुन्हा तेच! सकाळी मेन स्विच वर, संध्याकाळी मेन स्विच खाली. मधल्या आठ तासांत डोक्यावर काय जळतंय ते बघायला कोणी मान वर करत नाही.

मित्रांनो, हा लेख त्या वरच्या दिव्यांबद्दल आहे. वर्कशॉप, जिमखान्याचा हॉल, ऑडिटोरियम, हेवी मशिन्सची लॅब... म्हणजे जिथं छत सात-आठ मीटर उंच आहे अशा सगळ्या जागा. हॉस्टेलच्या रूममधला बल्ब आपण केव्हाच बदलला. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि एलईडी बल्ब किराणा मालासारखा घरोघरी पोहोचला. पण उंच छताला लटकलेले ४०० वॅटचे मेटल हॅलाइड किंवा सोडियमचे दिवे अजून कित्येक संस्थांमध्ये तसेच आहेत. हात पोहोचतो तिथं आपण सुधारणा केली, हात पोहोचत नाही तिथं "चालतंय की राव!"

माझं म्हणणं सरळ आहे. हे दिवे बदलायलाच हवेत. पण नुसता दिवा काढून दिवा लावला तर पैसे खर्च होतील आणि गंमत तीच राहील.

आधी हिशोब करू, कारण हिशोबाशिवाय आपल्या लोकांना काही पटत नाही. समजा, एका वर्कशॉपमध्ये ४०० वॅटचे ३० दिवे आहेत. चोकचा खप धरला तर एक दिवा साधारण ४४० वॅट घेतो. म्हणजे ३० दिव्यांचे १३.२ किलोवॅट. रोज ८ तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २००० तास. झाली २६,४०० युनिटं. त्याच जागी १५० वॅटचे ३० एलईडी लावले तर ४.५ किलोवॅट, वर्षाला ९,००० युनिटं. वाचली १७,४०० युनिटं. सोयीसाठी युनिटला १० रुपये धरा, तर वर्षाला १ लाख ७४ हजार. एक दिवा बसवण्यासकट ८ हजारांना पडला असं धरलं तर खर्च २ लाख ४० हजार. दीड वर्षाच्या आत पैसे वसूल! दर ज्याने त्याने आपापले घालावेत, पण उत्तराची दिशा बदलणार नाही.

इथं इलेक्ट्रिकलवाले लगेच हात वर करतील. ४०० वॅटच्या मेटल हॅलाइडचा प्रकाश ३४-३५ हजार ल्युमेन आणि १५० वॅटच्या एलईडीचा जेमतेम २० हजार. मग उजेड कमी नाही का पडणार? शंका बरोबर आहे, उत्तरही सोपं आहे. जुन्या दिव्याचा तो आकडा नव्याकोऱ्या दिव्याचा असतो. हजारो तास जळून झाल्यावर त्यातला तिसरा हिस्सा कुठल्या कुठे गेलेला असतो. शिवाय तो दिवा चारही दिशांना उजेड फेकतो. रिफ्लेक्टरवर आपटून खाली येताना त्यातला आणखी बराच भाग वाया जातो, आणि रिफ्लेक्टरवर पाच वर्षांची धूळ असेल तर विचारूच नका. ३४ हजाराला दोनदा ०.७ ने गुणलं तर हातात साधारण साडेसोळा हजार उरतात. एलईडीचा उजेड मुळातच खालच्या बाजूला जातो. म्हणून कमी ल्युमेनमध्ये टेबलावर तेवढाच, किंबहुना जास्त प्रकाश मिळतो.

पण "खालच्या बाजूला" म्हणजे नक्की कुठं? खरी गोम इथं आहे. जॉबपासून ८ मीटर उंचीवर दिवा टांगला आणि त्याचा कोन ६० अंशांचा असला, तर खाली साधारण सव्वानऊ मीटर व्यासाचं उजेडाचं वर्तुळ पडतं. तोच कोन १२० अंशांचा असला तर वर्तुळ जवळजवळ २८ मीटरचं होतं. आता वर्कशॉपची रुंदी १५ मीटर असेल तर उरलेला उजेड कुठं जाणार? भिंतीवर! म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. भिंत झळाळते आणि व्हाइसमध्ये धरलेल्या जॉबवरची मार्किंगची रेघ दिसत नाही. मग फायलिंग करताना रेघेच्या खाली गेलो की सर म्हणतात, "डोळे कुठं होते?" सर, डोळे जागेवरच असतात, उजेड भिंतीवर असतो! कोटेशन मागवताना सगळे वॅट विचारतात आणि किंमत विचारतात. कोन कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती पैशांहून मोठी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशा दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आता एखादा चक १५०० आरपीएमनं फिरतोय, म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या. उजेडाच्या दोन झटक्यांच्या मधे तो बरोबर पाव फेरी फिरतो. चार जबड्यांचा चक असेल तर प्रत्येक झटक्याला एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा, आणि डोळ्याला वाटतं चक थांबलाय! फर्स्ट इयरचा पोरगा हात पुढं करायला हे पुरेसं आहे. याला स्ट्रोबोस्कोपिक इफेक्ट म्हणतात हे आपण व्हायवात घडाघडा सांगतो. जुने इलेक्ट्रिशियन यावर साधा उपाय करायचे: शेजारशेजारचे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, म्हणजे एकाचा उजेड उतरला की दुसऱ्याचा चढलेला असतो. एलईडीत हा दोष राहणार की जाणार ते त्याच्या ड्रायव्हरवर ठरतं. चांगल्या ड्रायव्हरचा उजेड स्थिर असतो, स्वस्तातला ड्रायव्हर तसाच लुकलुकतो. टेंडरमध्ये "उजेड लुकलुकणार नाही" ही अट नसेल तर सगळ्यात स्वस्त तेच येणार. मग एल-वन, एल-वन म्हणत बसा!

रंगाचंही तसंच. सोडियमच्या पिवळ्या उजेडात सगळं जग काविळीसारखं दिसतं. स्मिथीत छिन्नी टेंपर करताना तिच्यावर चढणारा गवती, मग तपकिरी, मग निळा रंग बघून पाण्यात बुडवायची असते. पिवळ्या दिव्याखाली गवती आणि तपकिरी यांतला फरक ओळखून दाखवा, चहा माझ्याकडून!

आता एक वेगळा मुद्दा. वर्गातून निघताना आपण पंखा-ट्यूब बंद करतो. निदान करायला हवं हे तरी आपल्याला माहीत आहे. मग वर्कशॉपमध्ये मधल्या सुट्टीत कोणी दिवे बंद का करत नाही? आळस म्हणू नका. मेटल हॅलाइडचा दिवा बंद केला की गरम असताना परत पेटत नाही. तो थंड व्हायला आणि पुन्हा पूर्ण उजेडात यायला दहा-पंधरा मिनिटं जातात. म्हणजे सुट्टीत बंद केला तर पुढचं प्रॅक्टिकल अंधारात. त्यामुळे मामांनी वर्षानुवर्षं एकच नियम पाळला, सकाळी लावला की संध्याकाळीच बंद. त्या दिव्यासाठी तो नियम बरोबरच होता. पण दिवा बदलला आणि नियम तोच राहिला तर एलईडीचा निम्मा फायदा पाण्यात. एलईडी बटण दाबताच लागतो, दाबताच विझतो. दिवसातून पन्नास वेळा बंद-चालू करा.

फक्त त्यासाठी बटण तरी हवं! बहुतेक जुन्या शॉपमध्ये सगळे दिवे दोन-तीन एमसीबीवर असतात. एका कोपऱ्यात दोघं जण जॉब पूर्ण करत बसलेत म्हणून अख्खा शॉप उजळलेला. खिडकीकडच्या रांगेत दुपारी बारा वाजता लख्ख ऊन, तरी तीही रांग चालू. वरच्याच हिशोबात खिडकीजवळचे १५ एलईडी रोज ४ तास बंद ठेवले तर वर्षाला आणखी २,२५० युनिटं वाचतात, तीही फक्त वायर आणि स्विचच्या खर्चात. छताच्या पत्र्यात मधेमधे पारदर्शक पत्रे बसवले तर आकाशातला उजेड फुकट. त्याला बिलही नाही आणि चोकही नाही.

१८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं कोळशाबद्दल लिहून ठेवलं होतं की, इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळशाचा वापर घटत नाही, उलट वाढतो. आपल्याकडेही "एलईडीच आहे, राहू दे चालू" हे वाक्य हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रोज ऐकू येतं. काटकसरी दिवा उधळेपणानं वापरायची आपली प्रतिभा काही औरच!

दिवा बंद पडला की वर चढतं कोण, याचा विचार कधी केलाय? एक दिवा बदलायला मशिनच्या मधून परात उभारायची, नाहीतर दोन शिड्या एकमेकींना बांधायच्या आणि मामांनी वर जायचं. खाली लेथ, वर तापलेला पत्रा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि त्या मसाल्यात एका माणसाचा जीव. म्हणून टिकाऊ दिवा ही नुसती बचत नाही, कमी वेळा वर चढणं आहे. पण इथंही कागदावर भाळू नका. खोक्यावर ५० हजार तास लिहिलेलं असतं. २००० तासांच्या हिशोबानं २५ वर्षं! ते तास एलईडीच्या चिपचे. ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनं त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. मे महिन्यात पत्र्याखाली काय तापमान असतं ते स्मिथीवाल्यांना विचारा. म्हणून ड्रायव्हर वेगळा बदलता यावा, वळवाच्या विजांपासून सर्ज संरक्षण असावं, पाच वर्षांची लेखी हमी असावी, आणि दिवा कप्पीनं खाली उतरवता आला तर सोन्याहून पिवळं. वर चढायचं ते पट्टा लावूनच.

जुने दिवे भंगारवाल्याला देऊ नका हेही सांगून ठेवतो. त्यांत पारा असतो. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांचं उत्पादन २०२० नंतर थांबवायचं असं मिनामाता करारात ठरलं, आणि २०१८ मध्ये भारतानंही तो करार स्वीकारला. वीज वाचवून विहिरीत पारा घातला तर काय मिळवलं?

मग हे सगळं होत का नाही? माझ्या मते कारण तांत्रिक नाहीच. खरेदीचे पैसे एका खात्यातून जातात, वीजबिल दुसऱ्या खात्यातून. डिपार्टमेंट बिल भरत नाही, त्यामुळे वाचलेला रुपया त्याला कधी दिसत नाही. ज्याला दिसतो तो वर्कशॉपमध्ये येत नाही.

म्हणून तीन सूचना. एक, इलेक्ट्रिकल लॅबमधला लक्समीटर कपाटातून काढा. फायनल इयरच्या एका ग्रुपला प्रोजेक्ट द्या. दर दोन मीटरवर, टेबलाच्या उंचीवर रीडिंग घ्या. बेंचच्या कामाला ३०० लक्सच्या आसपास हवेत. कुठं १०० आहेत आणि कुठं ६००, ते एकदा कागदावर येऊ दे. जिथं बारीक काम आहे तिथं छतावर वॅट वाढवण्याऐवजी बेंचवर छोटा दिवा खाली आणा. बॅडमिंटन कोर्टवर तर दिवे बरोबर डोक्यावर लावूच नका, बाजूला घ्या. शटलकडे बघताना डोळे दिपतात.

दोन, सगळं एकदम नको. एकाच शॉपचे दिवे बदला, तिथं सब-मीटर लावा आणि दर महिन्याचं रीडिंग नोटीस बोर्डावर लावा. पोस्टरच्या शेजारी.

तीन, पहिल्या वर्षी वाचलेल्या पैशातला काही हिस्सा हॉस्टेलच्या रीडिंग रूमला द्या. परीक्षेच्या दिवसांत तिथं एका ट्यूबखाली आठ जण बसतात. वर्कशॉपमध्ये वाचवलेल्या विजेचा उजेड आपल्या वहीवर पडला, तर खिडकीकडची रांग बंद करायला मामांना सांगावं लागणार नाही. आपणच उठून करू.