आमच्या नावाने मागितलेली परवानगी

"करडीसारख्या गावात बाळंतपणाला तज्ज्ञ डॉक्टर मिळत नाही, आणि तू म्हणतेस तयार होत आलेल्या तीन डॉक्टरांना परीक्षेला बसू देऊ नका?"

हा प्रश्न मला आमच्याच ओसरीवर विचारला गेला. विचारणारे नात्यातले, नागपुरात राहणारे, शिकलेसवरलेले. लग्नाला आले होते आणि बोलता बोलता विषय निघाला डॉ. पायल तडवीच्या खटल्याचा. त्या मुलींना परीक्षेला बसू देऊ नका, असं मी म्हटलंच नव्हतं. खटला लवकर चालवा, एवढंच म्हटलं होतं. पण त्यांनी जे ऐकलं ते असं, आणि त्यावर उत्तर म्हणून त्यांनी माझंच गाव माझ्यासमोर उभं केलं. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

आधी घटना सरळ सांगते. पायल जळगावची, तडवी भिल्ल समाजातली. मिरजेला एमबीबीएस करून ती 2018 मध्ये मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाली. 22 मे 2019 रोजी हॉस्टेलमध्ये तिने आयुष्य संपवलं. वय 26. तिच्या विभागातल्या तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा, रॅगिंगचा आणि आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. ऑगस्ट 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, पण काही अटी घातल्या. त्यांतल्या एका अटीमुळे नायरची वाट त्यांना बंद झाली. आमचं शिक्षण अर्धवट राहतं आहे, ते पुरं करू द्या, असं म्हणत त्या पुन्हा न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये उच्च न्यायालयाने नाही म्हटलं. 8 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. उदय लळित यांच्या पीठाने हो म्हटलं. अट एवढीच की साक्षीदारांवर कसलाही दबाव आणायचा नाही, खटल्याच्या तारखांना हजर राहायचं.

निकाल आला तेव्हा माझ्या ओळखीतले बरेच जण संतापले. माझ्या बाजूचेच लोक, म्हणून त्यांच्याशी आधी बोलते. त्यांचं म्हणणं, एक मुलगी गेली आणि जिच्यावर आरोप आहे ती उद्या एमडी होऊन पाटी लावणार, हे कसलं न्यायाचं राज्य? हा संताप मला कळतो. पण तो मला पटत नाही. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा, हा नियम आपल्या लोकांनी सगळ्यांत आधी जपायला हवा, कारण खोट्या गुन्ह्यात अडकवला जाणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. ज्या पोराचं नाव दंगलीच्या यादीत चुकून आलं त्याची बारावीची परीक्षा बुडावी, असं आपण म्हणू का? मग नियम दुसऱ्याला लागू होतो तेव्हा तो कडू लागून चालणार नाही. शिवाय परीक्षा हे बक्षीस नाही. तीन वर्षांची टर्म, 80 टक्के हजेरी, थिसिस, हे सगळं करून माणूस परीक्षेच्या दारात उभा राहतो, आणि आत गेल्यावर लाँग केसच्या प्रात्यक्षिकाला समोर खरीखुरी बाई झोपलेली असते. तिला तपासून, निदान सांगून, परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. तिथे बसू दिलं म्हणजे पास केलं असं नाही, आणि पास केलं म्हणजे निर्दोष ठरवलं असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने दार उघडलं ते बरोबर केलं. हे मी मनापासून मानते.

आता नातेवाइकांच्या प्रश्नाकडे वळते, कारण मला खरं दुखलं ते तिथे.

न्यायालयाने त्या तिघींना परत येऊ दिलं ते व्यक्तीच्या हक्काच्या पायावर. पण चर्चेत, फोनवरच्या संदेशांत, लग्नाच्या ओसरीवर जो युक्तिवाद चालतो तो हक्काचा नसतो, तो गरजेचा असतो. देशात स्त्रीरोगतज्ज्ञ कमी आहेत, सरकारने एकेका जागेवर लाखो रुपये खर्च केले आहेत, त्या जागा वाया का घालवायच्या? आणि हे पटवून द्यायला उदाहरण म्हणून एक गाव लागतं. ते गाव आमचं असतं. मोहाडी तालुक्यातलं करडी, नाहीतर देवरीकडचं एखादं, नाहीतर मेळघाट. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली, तेव्हाही असंच झालं. आमचं दुःख राज्यभर फिरलं आणि ज्याला जे म्हणायचं होतं त्याने ते त्यावर टेकवून म्हटलं.

म्हणून स्पष्ट विचारते. त्या तिघी परीक्षा पास झाल्या तर करडीत येणार आहेत का? त्यांनी यायलाच हवं असं माझं म्हणणं नाही. सरकारी कॉलेजातून पदव्युत्तर झालेल्याला राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, आणि ती टाळायची तर 50 लाख रुपये भरावे लागतात. एवढा मोठा दंड ठेवावा लागतो, यावरूनच कळतं की पदवी मिळणं आणि गावात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बाईला कळा सुरू झाल्या की आशाताई धावते, 108 ला फोन होतो, प्राथमिक आरोग्य केंद्रातून तुमसर किंवा मोहाडी, तिथून भंडारा, आणि तिथेही जमलं नाही तर नागपूरचं मेडिकल. ही साखळी मुंबईतल्या एका खोलीत कुणाला परीक्षेला बसू दिल्याने आखूड होत नाही. ज्याला त्या मुलींची बाजू घ्यायची आहे त्याने ती कायद्याने घ्यावी, ती भक्कम आहे. आमची गैरसोय तिला टेकू म्हणून लावू नये.

आणि गरजेचाच हिशेब करायचा तर तो पुरा करा. तज्ज्ञ कमी आहेत हे खरं, मग पायलची जागा कुठल्या खात्यात गेली? तीही शिकत होती. तिच्या घरच्यांची तक्रार होती की तिला बाळंतपणं करू दिली जात नव्हती, आणि युनिट बदलून द्यावं म्हणून त्यांनी विनवण्या केल्या होत्या. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण तीन जागा वाया जाऊ नयेत म्हणून जे कळवळतात, त्यांच्या तोंडून चौथ्या जागेचा उल्लेख मी एकदाही ऐकला नाही. पायल शिकून खेड्यातच आली असती, असं मी म्हणत नाही. आदिवासी मुलीने डॉक्टर होऊन आदिवासींतच राहावं ही अपेक्षाही एक बेडीच आहे. मी एवढंच म्हणते की गरज मोजायची तर सगळ्यांची मोजा.

जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेमकी उलट मागणी आली होती. कोविडच्या ड्यूट्यांमुळे अभ्यास झाला नाही, पदव्युत्तर अंतिम परीक्षा रद्द करा नाहीतर पुढे ढकला, असं डॉक्टर म्हणत होते. सरसकट आदेश द्यायला न्यायालयाने नकार दिला. परीक्षेशिवाय डॉक्टरांना पुढे पाठवलं तर रुग्णांचं काय, असा त्यामागचा विचार होता. त्या डॉक्टरांबद्दल मला सहानुभूती आहे, त्यांनी दीड वर्ष पीपीई किटमध्ये काढलं होतं. पण या दोन निकालांतून एकच गोष्ट दिसते. परीक्षा विद्यार्थ्याचा हक्क आहे आणि रुग्णाचाही. नायरच्या प्रकरणात हा दुसरा हक्कदार कुणाच्या बोलण्यात आला नाही.

आता मला काय हवं ते सांगते.

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमात एक वाक्य आहे. कोणत्याही परिस्थितीत एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बदली नाही. सारी अडचण या वाक्यात आहे. आरोपींना दुसरीकडे शिकवा असं म्हणायची सोय नव्हती. परत यायचं तर त्याच विभागात, त्याच वॉर्डात, जिथे खटल्यातले साक्षीदार राउंडला उभे असतात. आणि हेच वाक्य पायललाही बांधून होतं. तिला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात जाऊन तीच टर्म पुरी करता आली असती तर? वरिष्ठांशी जमत नाही, जात काढली जाते, ड्यूटी संपत नाही, अशा पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरपुढे आज दोनच वाटा उरतात. सोसायचं, नाहीतर जागा सोडायची. कॉलेजं बदलत फिरणारे विद्यार्थी नकोत म्हणून हा नियम केला असेल, त्यामागे कारण आहे. पण छळाची तक्रार नोंदली गेली असेल तर तक्रार करणारीला, आणि खटला चालू असेल तर आरोपीलाही, दुसऱ्या कॉलेजात जाऊन परीक्षेपर्यंत पोहोचता यावं, असा अपवाद त्यात घालायला काय हरकत आहे? मग न्यायालयाला एकीच्या शिक्षणाचा हक्क दुसरीच्या साक्षीदारांच्या भीतीशी तोलत बसावं लागणार नाही.

दुसरं मागणं तारखांचं आहे. परवानगी मिळाली ऑक्टोबर 2020 मध्ये. मार्च 2025 मध्ये या खटल्याचे विशेष सरकारी वकील बदलले गेले, तेव्हाही खटला संपलेला नव्हता. पदव्युत्तर टर्म तीन वर्षांची असते. शिकण्याचा हक्क तातडीचा धरला ते योग्यच झालं. पायलच्या आईला, आबेदा तडवी यांना, निकाल ऐकण्याचा हक्क आहे, तो मात्र कुठल्याच वेळापत्रकात बसवला गेला नाही. 2019 मध्ये त्या आणि तसाच मुलगा गमावलेल्या राधिका वेमुला, दोन आया, उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुलं गेल्यानंतर आयांना हे करावं लागतं.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या सुनेला रात्री जिल्हा रुग्णालयात नेलं, सोबत मी होते. पदव्युत्तरच्या मुलांना आता तीन महिने जिल्ह्यात काम करावं लागतं, त्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे लेबर रूममध्ये एक तरुण डॉक्टर मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, डोळे झोपेने लाल. शेजारच्या खाटेवरची म्हातारी सोबतीण घाबरून काही बोलतच नव्हती. ती गोंडीत काहीतरी पुटपुटली, आणि ही मुलगी तिच्याशी गोंडीतच बोलू लागली. म्हातारीने तिचा हात धरला आणि आपल्या सुनेची हकीकत भडाभडा सांगितली, आधीचं मूल कसं गेलं तेही. पहाटे आमच्या शेजारच्या सुनेला मुलगा झाला. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती मुलगी टेबलाशी उभी राहून लॉगबुकात नोंद करत होती. तारीख, वेळ, बाळाचं वजन. शेवटच्या रकान्यात वरिष्ठांची सही लागते. तो तिने कोरा ठेवला, वही मिटली आणि पुढच्या खाटेकडे गेली.