पाल्याला काडी लावू नका, पाल्याचा वार विचारा

नांदेडकर आणि लातूरकर हो, कडुनिंबाची पानगळ सुरू झाली आहे. पाडव्याला नवी पालवी डोळ्यांत भरेपर्यंत अंगणात, गच्चीवर, गल्लीत, शाळांच्या मैदानांवर पाला पडतच राहणार. तो झाडला जाईल, कोपऱ्यात त्याचा ढीग लागेल आणि संध्याकाळी कुणीतरी त्याला काडी लावेल. कळकळीची विनंती आहे, ती काडी यंदा लागू देऊ नका. आणि काडी लावायची नाही तर पाला टाकायचा कुठे, याचं स्पष्ट, लेखी आणि आपल्या गल्लीपुरतं उत्तर महापालिकेकडून याच आठवड्यात मागून घ्या.

पाला जाळणारी माणसं वाईट नसतात. पहाटे खराट्याने रस्ता झाडणाऱ्या बाईला तिच्या वाट्याची लांबी उन्हं चढायच्या आत संपवायची असते. घरातली बाई पोतं भरून दारात ठेवते. घंटागाडी येते, गाडीवरचा पोरगा मान हलवतो, "मावशी, झाडाचं घेत नाही. घरचा कचरा द्या." चूक त्याचीही नसते. लहान गाडी, एका कप्प्यात ओला कचरा, दुसऱ्यात सुका. दोन अंगणांचा पाला टाकला की कप्पा भरतो आणि पुढची गल्ली राहते. फांद्या तर आत मावतच नाहीत. मग ते पोतं दारातच राहतं, शेजारी कुरकुरतात, वारा सुटला की निम्मा पाला नालीत जातो. शेवटी कुणीतरी काडेपेटी काढतं. पाल्याची गाडी कोणत्या वारी येते, येत नसेल तर पाला न्यायचा कुठे, एवढं त्या दारापर्यंत पोचलं असतं तर ही पाळी आली नसती.

स्वतःलाच विचारून पाहा. आपल्या भागाचा पाण्याचा वार घरातल्या पोरासोरांनाही पाठ असतो. कोणत्या टाकीवरून पाणी सुटतं, किती वाजता सुटतं, उशीर झाला तर कुणाला विचारायचं, सगळं माहीत. लातूरकरांनी तर २०१६चा उन्हाळा पाहिला आहे. मांजरा धरण आटलं, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती ५ लाख लिटर घेऊन. तेव्हा टँकरची पाळी घराघरांत पोचत होती, कारण ती पोचवणं भाग होतं. आता पाल्याचा वार सांगा पाहू. भाग्यनगरमध्ये कोणता, सिडकोत कोणता, औसा रोडला कोणता, प्रकाशनगरात कोणता? सांगता आला तर शेजाऱ्यालाही सांगा. नाही सांगता आला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम जारी केले. बागेतला आणि झाडांचा कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्था वेळोवेळी सांगेल त्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायची, अशी जबाबदारी त्या नियमांनी नागरिकावर टाकली. तो रस्त्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही, नालीत ढकलायचा नाही. पण नागरिकाने सांगितल्याप्रमाणे वागायचं, तर आधी कुणीतरी सांगायला हवं. उद्यानांचा आणि झाडांचा कचरा वेगळा गोळा करावा, होईल तितका उद्यानातच जिरवावा आणि लोकांना त्याची नीट माहिती द्यावी, हे त्याच नियमांनी स्थानिक संस्थांनाही बजावलं. पुढे डिसेंबर २०१६मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये भरायला लावायचं ठरवलं. दंड जरूर सांगावा, पण गाडीचा वार सांगितल्यानंतर.

आणि सांगायचं कसं, याचा विचार झाला पाहिजे. "उद्यानजन्य घनकचऱ्याचे उगमस्थानी विलगीकरण करून प्रशासनास सहकार्य करावे" अशा भाषेतल्या फलकाने एकही पोतं जागचं हलणार नाही. लोकांना हवं ते असं: "पाल्याची गाडी दर बुधवारी सकाळी ७ ते ९. पाला पोत्यात भरा, पोतं रिकामं करून परत देऊ. फांद्या दोन-दोन हात लांबीच्या तोडून सुतळीने बांधा. पोत्यात प्लास्टिक, काच, डायपर नको. गाडी आली नाही तर या नंबरवर कळवा. याचे पैसे लागत नाहीत." शेवटचं वाक्य गाळून चालणार नाही, कारण 'चहापाण्याचं' काहीतरी द्यावं लागेल या धास्तीने बरीच घरं विचारतच नाहीत. शुल्क असेल तर आकडा छापा. इंग्लंडमध्ये कित्येक नगरपालिका बागेच्या कचऱ्याला वेगळा डबा देतात, वर्षाची वर्गणी घेतात आणि कोणत्या तारखेला उचलणार याचं वेळापत्रक देतात. आपल्याला डबा नको, आपल्याकडे पोती भरपूर आहेत. वेळापत्रक तेवढं द्या.

हे वेळापत्रक वर्तमानपत्रातल्या निविदांशेजारच्या चौकटीत छापून भागणार नाही. इतवाऱ्यात आणि देगलूर नाक्यावर ते उर्दूतही लागेल. वाचता न येणाऱ्या आजीला ते ऐकू यावं लागेल. घंटागाडीवर रोज तेच गाणं वाजतं, त्यात अर्ध्या मिनिटाची सूचना मराठीत, हिंदीत, उर्दूत घालता येते. पाणीपट्टीच्या बिलामागे छापता येतं. मंदिरातून, मशिदीतून, गुरुद्वाऱ्यातून सांगता येतं. मात्र सगळ्यांच्या आधी ते मुकादमाला आणि गाडीवरच्या त्या पोराला सांगितलेलं असावं. फलकावर बुधवार आणि गाडीवरचा माणूस म्हणतो "आम्हाला काही माहीत नाही", असं एकदा घडलं की त्या गल्लीत दुसऱ्यांदा कुणी पोतं बाहेर ठेवणार नाही.

फांद्यांचं दुखणं वेगळं आहे आणि ते दोन महिन्यांत समोर येईल. एप्रिल-मेमध्ये महावितरणचे कर्मचारी तारांना लागणाऱ्या फांद्या छाटतात. काम गरजेचंच आहे, नाहीतर पहिल्या वादळात गल्ली अंधारात. पण छाटलेलं उचलायचं कुणी? वीज कंपनीने, महापालिकेच्या उद्यान विभागाने, स्वच्छता विभागाने, की ज्याच्या दारात पडलं त्याने? हे छाटणीच्या आदल्या दिवशी ठरलेलं आणि त्या गल्लीला कळवलेलं असावं. घरमालक स्वतः झाड तोडायला निघाला तर १९७५च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माझी सूचना अशी की त्या परवानगीच्या कागदामागेच छापावं, तोडलेल्या फांद्या कुठे न्यायच्या आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा. कागद तसाही हातात येणारच आहे. मृगाचा पहिला सपाटून पाऊस आला की रस्त्याकडेच्या याच काटक्या नालीच्या तोंडाशी अडकतात, मागे पॉलिथिन तुंबतं आणि खालच्या वस्तीत पाणी शिरतं.

धुराबद्दलही सांगायला हवं, कारण पाल्याचा धूर साधा, निरुपद्रवी असा समज पक्का आहे. ढिगाचा आतला पाला ओलसर असतो, तो पेटत नाही, रात्रभर धुमसतो. त्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात, कार्बन मोनॉक्साईड असतो, आणि झाडताना पाल्याबरोबर आलेल्या गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं जळून आणखी विष मिसळतं. थंडीच्या पहाटे हा धूर वर न जाता गल्लीतच तरंगतो. दमेकरी म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि खिडकी उघडून पहाटे चारला अभ्यासाला बसलेली पोरं तो ओढतात. लातूरच्या ट्यूशन भागात आणि नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगर पट्ट्यात गावोगावच्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून मुलं ठेवली आहेत. २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूरचं नाव आहे. त्या यादीत नाव येणं म्हणजे हवा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खराब असणं.

आणि ज्या मराठवाड्यात पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवावा लागतो, तिथे पाला जाळणं मला बघवत नाही. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर जागा सोडून आळ्यात पाल्याचा जाड थर पसरला तर उन्हाने जमीन भाजत नाही, ओल टिकते, पाणी कमी द्यावं लागतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याला वास येतो, अळ्या पडतात, म्हणून माणसं घरी खत करायला कंटाळतात. त्यावर उपाय हाच सुका पाला. एक घमेलं ओल्यावर दोन-तीन घमेली पाला, वर थोडं आंबट ताक किंवा शेणकाला, आठवड्याला एकदा वरखाली. सोसायटीत जागा असेल तर तारेची जाळी गोल उभी करून त्यात पाला दाबत जा, शिंपडत राहा. बदामाची, खोट्या अशोकाची जाड पानं आधी चुरून घ्या. फुलावर आलेलं गाजरगवत मात्र त्यात अजिबात घालू नका, बी खताबरोबर सगळीकडे जाईल. पुण्यात 'ब्राऊन लीफ' या चळवळीने ज्याच्याकडे पाला आहे आणि ज्याला तो बागेसाठी हवा आहे अशांची गाठ घालून दिली. नांदेड-लातूरच्या आसपास रोपवाटिका आहेत, शेणखत महाग झालेले शेतकरी आहेत. ही गाठ इथे का पडू नये? महापालिकेने एक नंबर जाहीर केला तरी सुरुवात होईल.

तेव्हा आता हे करा. गल्लीतल्या, सोसायटीतल्या दहा-वीस जणांच्या सह्या घ्या. शाळेचे मुख्याध्यापक, वसतिगृहांचे मालक, मंगल कार्यालयवाले, बचत गटाच्या महिला यांना सोबत घ्या. आपल्या क्षेत्रीय कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या आणि त्यात एवढंच विचारा: आमच्या भागातून पाला उचलण्याचा वार व वेळ कोणती, फांद्या कशा आणि कुठे द्यायच्या, पैसे लागतात का, गाडी न आल्यास कुणाला सांगायचं, आणि गोळा केलेला पाला पुढे कुठे जातो. एक प्रत नगरसेवकाला द्या. अशी माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करण्याची जबाबदारी २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ने कार्यालयांवर टाकली आहे, हे अर्जात नम्रपणे लिहा. उत्तर येईपर्यंत पाला पोत्यात भरून सावलीत ठेवा, आळ्यात पसरा, पण पेटवू नका. अर्ज खिडकीत देऊन तसेच परतू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच या.