उतारावरचं घड्याळ बंद करा

डुएथलॉन म्हणजे आधी पळा, मग सायकल हाणा, आणि मग पुन्हा पळा. स्टँडर्ड अंतर 10 किमी, 40 किमी आणि 5 किमी. सपाट रस्त्यावर हे करणारे हौशी लोक हल्ली प्रत्येक आयटी कंपनीत दोन-चार तरी सापडतात. पण खरी लागते ती डोंगरात. आणि डोंगर म्हटलं की आम्हा नगरकरांची छाती जरा फुगतेच. (2024 पासून अहिल्यानगर, तोंडात मात्र अजून नगरच बसलंय.) कळसूबाई आमचं, 1646 मीटर. भंडारदऱ्याच्या आर्थर लेकला वळसा घालणारा रतनवाडी-साम्रद-घाटघरचा रस्ता आमचा. चंदनापुरी, करंजी, इमामपूर हे घाटही आमचेच.

अशा रस्त्यांवर हौशी शर्यत घ्यायची तर माझं एकच म्हणणं आहे. मोठ्या उतारांचा वेळ मोजू नका.

थोडं गणित करू, इंजिनिअर आहे, राहवत नाही. समजा 8 किमीचा घाट, 300 मीटर चढ. स्वार आणि सायकल मिळून 90 किलो. चढायला लागला अर्धा तास. आता पगारातले पैसे ओतून एक किलोने हलकी सायकल घेतली, तर चढावर वाचतील फार तर 20 सेकंद. तोच घाट उतरताना ताशी 30 ऐवजी 50 ने आलात तर सहा मिनिटांहून जास्त वाचतात. तेही फुकट, फक्त ब्रेक न दाबून! मग सांगा, नंबराच्या मागे लागलेला माणूस काय करेल?

वेग 30 चा 60 झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे आपण सगळे अकरावीत शिकलोय. पण 10 किमी पळून, वर घाट चढून आलेल्या माणसाचं डोकं अकरावीतलं नसतं. हात घामेजलेले, लक्ष घड्याळावर, आणि वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. आपल्याकडे रस्ता पूर्ण बंद ठेवणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको. वळणावर दुधाची मोटरसायकल असेल, शेळ्या असतील, पावसाळ्यात घाटघरकडे तर धुकं, शेवाळ आणि मुंबईच्या गाड्या असं सगळं एकदम.

कुणी म्हणेल, उतार उतरणं हेही कौशल्यच आहे. आहेच की. पण जून 2023 मध्ये टूर द स्वीसमध्ये आल्बुला घाट उतरताना जीनो मेडर हा स्विस सायकलपटू दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय 26. ज्याचं पोट त्यावर, आयुष्य त्यात गेलेलं, अशा माणसाची ही गत. आपण सोमवारी स्टँडअप मीटिंगला बसणारे लोक. आपलं कौशल्य कितीसं?

आणि ही काही माझ्या डोक्यातली अचाट कल्पना नाही. फ्रेंच आल्प्समधल्या 'ला मार्मोत' या नावाजलेल्या हौशी शर्यतीत ग्लांदों घाटाचा उतार वेळेतून वगळतात. घाटमाथ्यावर एक टायमिंग मॅट, पायथ्याशी दुसरी, मधला वेळ वजा. चिप तर आपल्या बिबवर आजही असतेच, दोन मॅट जास्त लागतील इतकंच. आपल्या जुन्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही 'घाटाचा राजा' हा किताब बोरघाट चढणाऱ्याला देतात, उतरणाऱ्याला नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. वेळ मोजला नाही तर लोक उतारावर आराम करून ताजेतवाने होतील. त्यावर उपाय सोपा, 8 किमीच्या उताराला सगळ्यांना सारखी 20 मिनिटं द्या, त्यापुढचा वेळ मोजा. 20 मिनिटं म्हणजे ताशी 24, ब्रेकवर बोटं ठेवून आरामात होतं. त्यात वेळ काढून कुणी टपरीवर थांबून भजी खाल्ली तरी माझी हरकत नाही. पुढचे 5 किमी त्यालाच पळायचेत :)