वेखंड लावा, पण दिवस मोजा

घरात बाळंतीण आली की माळ्यावरची सहाण खाली उतरते. धुऊन, पुसून ती बाजेजवळ ठेवली जाते आणि शेजारी गुटीची पुरचुंडी. मुरडशेंग, हिरडा, बेहडा, सुंठ, जायफळ, वेखंड, हळकुंड, खारीक, बदाम. कोणाचे किती वेढे घ्यायचे हे आजीला तोंडपाठ. आपल्या वऱ्हाडात, अमरावती असो की अकोला, ही पुरचुंडी नसलेले घर सापडणे कठीण. मीही याच गुटीवर वाढले.

तेव्हा भगिनींनो, सहाण फेकून द्या असे सांगायला मी आज बसलेली नाही. सांगायचे ते एवढेच, की घरच्या प्रत्येक उपायाला मुदत हवी. उपाय सुरू करतानाच मनाशी ठरवा, की इतक्या तासांत किंवा इतक्या दिवसांत उतार पडला नाही तर दवाखाना. कपाशीवर बोंडअळी दिसली तर आपण महिनाभर नुसते पाहत बसतो का? मूल तर पिकाहून मोलाचे.

आधी पोटाचे पाहू. तान्ह्या बाळाचे पोट गच्च झाले, ते पाय पोटाशी घेऊन रडू लागले, तर दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. पोटावर कोमट तेलाचा हात फिरवावा. बेंबीभोवती हिंगाचा किंवा वेखंडाचा पातळ लेप दिला तरी बिघडत नाही. पोटात मात्र सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको. पाणी नको, गुटी नको. वेखंड जास्त पोटात गेले तर उलट्या होतात. जायफळ जास्त झाले तर मूल गुंगून पडते, आणि आपल्याला वाटते की गुण आला. गुंगलेले मूल दूध ओढत नाही. गुटी मधात उगाळून देण्याची चाल आहे, तीही वर्षाच्या आतल्या मुलासाठी सोडा. मधातून क्वचित एका जंतूचे बीज पोटात जाते आणि तान्ह्या मुलाचे अंग लुळे पडू शकते.

पावसाळा लागला की जुलाबांची साथ येते. येथे घरचा उपाय हाच पहिला उपाय आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा मोजून पाण्यात कालवला आणि ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीच दिले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ती संख्या चारच्या आत आली. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. म्हणजे जगभरातली मुले वाचवणारे हे औषध आईनेच पाजायचे औषध आहे. फक्त ते मोजून करायचे असते.

आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात ओआरएसची पुडी मिळते. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्या, आणि केलेले पाणी चोवीस तासांत संपवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यातल्या बहिणींनी एक विशेष ध्यानात ठेवावे. आपल्याकडच्या विहिरीचे, बोअरचे पाणी मुळातच खारट. त्यात वरून मीठ पडले की ते मुलाला बाधते. नळयोजनेचे गोडे पाणीच यासाठी वापरा. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. दवाखान्यातून जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करा.

आता मुदत. मूल दोन महिन्यांच्या आतले असेल तर वाटच पाहू नका. मोठ्या मुलाचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, हिरवी उलटी झाली, ते पिईना किंवा मलूल पडले, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

एक उपाय मात्र असा आहे की त्याला एका तासाचीही मुदत देऊ नये. मेळघाटात मुलाचे पोट फुगले की तापल्या लोखंडाने पोटावर चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे पासष्ट चटके दिल्याचे उघडकीस आले. आपण खाली मैदानात राहणाऱ्यांनी हे वाचून कोरकू बांधवांना हसू नये. बिब्ब्याचे चटके, पोटाला डाग देणे हे आपल्याही गावांत झालेलेच आहे. आईबाप हे क्रूरपणाने करीत नाहीत. दवाखाना दूर, वाटेत घाट, आणि जवळ विश्वासाचा माणूस म्हणजे भुमका. पण पोट उडते आहे, बरगड्यांखाली खड्डा पडतो आहे, श्वास भरभर चालला आहे, हे पुष्कळदा पोटाचे दुखणे नसून छातीचे असते. चटक्याने न्यूमोनिया जात नाही; वर जखम होते आणि वेळ जातो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली चटके देणे हा गुन्हा आहे. पण एवढे सांगते, की कोणी चटके देऊन चुकले असेल तर भीतीने मूल घरात लपवू नका. आधी दवाखान्यात न्या.

आता वेखंडाकडे येते. संस्कृतात त्याला वचा म्हणतात, आणि मूल बोलायला उशीर करू लागले की त्याच्या जिभेला वेखंड लावायची आपली रीत. माझ्या चुलत बहिणीच्या मुलाला असेच लावीत. दीड वर्षाचा झाला, शब्द नाही. सासूबाई म्हणाल्या, “काहून घाबरतं वं माय? याचा बापबी उशिराच बोलला होता.” दोन वर्षांचा झाला, वेखंड चालूच. पोर गोड, हसरे, नजरेला नजर देणारे. कोणाला शंका यायचे कारण नव्हते. साडेतीन वर्षांचा असताना पोळ्याच्या दिवशी दारात फटाक्यांची माळ वाजली. सगळी पोरे दचकून पळाली, हा मात्र तसाच बैलाच्या झुलीशी खेळत बसला. त्या दिवशी माझी बहीण काय ते समजली. पोर मुके नव्हते, त्याला ऐकूच येत नव्हते. जे शब्द कानात कधी पडलेच नाहीत ते जिभेवर कुठून येणार? पुढे यंत्र बसले, शिकवणी झाली, आज तो थोडे थोडे बोलतो. पण मेंदू भाषा पकडतो ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि ती वर्षे आम्ही सहाणेवर उगाळली. त्या घरात प्रेमाला तोटा नव्हता. मुदत मात्र कोणी घातली नव्हती.

आणखी एक मूल सांगते. जन्मून महिना झाला तरी कावीळ गेलेली नाही, पोट मोठे, बेंबी वर आलेली, शौचाला तीन-चार दिवसांनी, जीभ जाड, रडणे घोगरे आणि झोप फार. शेजारणी म्हणतात, “किती गुणाचं लेकरू आहे, त्रासच नाही.” शौच होत नाही म्हणून एरंडेल दिले जाते. हे पोटाचे दुखणे नसते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काम करीत नसते. आपल्या देशात साधारण हजार बाळांमागे एकात हे आढळते. जन्मानंतर रक्ताचा थेंब तपासून पहिल्या दोन आठवड्यांत स्वस्तातली रोजची गोळी सुरू झाली तर बहुतेक मुले इतरांसारखी वाढतात. उशीर झाला तर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून बाळंतपणाच्या दवाखान्यातून घरी निघण्याआधी बाळाची थायरॉईडची आणि कानाची तपासणी झाली का, एवढे दोन प्रश्न विचाराच.

पुढील मुदती कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. दोन महिन्यांत आईकडे पाहून हसावे. चार महिन्यांत मान धरावी. नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसावे. वर्षाचे झाल्यावर नावाने हाक मारली की वळून पाहावे. दीड वर्षात चालावे आणि काही शब्द बोलावे. दोन वर्षांत दोन शब्द जोडावे. यातले एखादे राहिले तर घाबरू नका, पण थांबूही नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुले तपासायला येते. त्या दिवशी मूल शेतावर नेऊ नका. काही आढळले तर ते पथक जिल्ह्याला पाठवते आणि पुढचा उपचार मोफत होतो.

सासूबाईंशी यावरून भांडण करू नका. त्यांनी चार लेकरे वाढवली आहेत, त्यांचा हात मोलाचा आहे. त्यांना म्हणावे, “आई, लेप तुमच्याच हातचा लावू. पण परवापर्यंत उतार नाही पडला तर तुम्हीच माझ्यासोबत दवाखान्यात चला.” बहुधा त्या नाही म्हणणार नाहीत.