ठराव कागदावर, माणूस रस्त्याच्या कडेला

1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही. त्यासाठी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आम्हाला महाडने शिकवले. मग अंध माणसाच्या रस्त्याबद्दल आम्ही गप्प का?

2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सांगितले. आणि चौकात काय दिसते? फुटपाथवरची पिवळी पट्टी विजेच्या खांबाला जाऊन धडकते. सिग्नलला आवाज नाही.

व्हीलचेअरसाठी फुटपाथची कडा उतरती करतात. ती हवीच. पण इथून रस्ता सुरू होतो, हे अंध माणसाच्या काठीला त्या कडेवरूनच कळते. वाटाड्या कुत्र्यालाही तिथेच थांबायला शिकवलेले असते. कडा काढली आणि ठिपक्यांची फरशी बसवली नाही, तर माणूस नकळत गाड्यांमध्ये उतरतो. उपाय नवा नाही. जपानच्या सेइइची मियाके यांची ही फरशी 1967 मध्ये ओकायामात अंधशाळेजवळ बसली. लांब रेषा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे सावध, थांबा. आपल्याकडे मात्र ती शोभेची फरशी समजून कशीही लावली जाते.

काही जण म्हणतात, "अंध लोक बाहेर पडतातच किती?" रस्ताच बंद असेल तर पडतील कसे? दुसरे म्हणतात, "कोणीतरी हात धरून पलीकडे सोडतोच की." ही दया झाली, आणि दया देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. ज्याच्या खिशात रिक्षाचे पैसे आहेत तो यातून सुटतो. वस्तीतला अंध विद्यार्थी अडकतो. म्हणजे हा प्रश्न जातीचा आणि वर्गाचाही आहे.

मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण रस्त्यावर हक्काने उतरतो. त्याच रस्त्यावर अंध बांधवांना सोबत घेऊन आपल्या वॉर्डातला प्रत्येक चौक तपासू. माहिती अधिकारात खर्चाचा हिशेब मागू. पालिका ऐकली नाही तर दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करू. हात धरणारा शोधायची वेळ कुणावर येऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

जय भीम!